मूकपटांतील बहुरूपी : लॉन चेनी

भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. हात, पाय, मान, नेत्र इत्यादि अवयवांनीं होतो तो आंगिक. वाणीनें होतो तो वाचिक. वेष, रंग, अलंकार यांनीं साधतो तो आहार्य. आणि अंतःकरण एकाग्र झालें असतां अंगावर आपोआप उमटतो तो सात्त्विक. आपल्या मराठी रंगभूमीनें या चारांपैकीं वाचिकाचे लाड सर्वांत अधिक पुरविले, ही गोष्ट कोणी नाकबूल करील असें आम्हांस वाटत नाहीं. भाषण खणखणीत आणि गाणें सुरेल असलें म्हणजे नटाचे हात दोन खांबांसारखे लोंबत राहिले तरी आपले प्रेक्षक त्यास क्षमा करीत आले आहेत. पण एखाद्या नटाची वाणीच काढून घेतली तर त्याच्यापाशीं काय उरतें? ज्या काळीं चित्रपट मुके होते त्या काळीं जगांतील प्रत्येक चित्रपटनटास या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागलें. बहुतेकांनीं तें डोळे वटारून आणि छाती बडवून दिलें. थोड्यांनीं खरें उत्तर दिलें. आणि त्या थोड्यांमध्यें लॉन चेनी या अमेरिकन नटाचें उत्तर आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें.

चेनीचें नांव आजच्या तरुण वाचकांस ठाऊक असेलच असें नाहीं. १९२० ते १९३० या दहा वर्षांत मात्र त्याच्याइतका चमत्कारिक कीर्तीचा नट अमेरिकेंत दुसरा नव्हता. त्यास लोक 'हजार चेहऱ्यांचा माणूस' म्हणत. आज कुबडा, उद्यां लंगडा, परवां चिनी वृद्ध, तेरवां म्हातारी बाई, अशीं रूपें तो घेई. आणि तीं इतकीं निरनिराळीं असत कीं, जमिनीवर एखादा कोळी दिसला तर 'पाय देऊं नका, लॉन चेनी असेल' असा विनोद त्या वेळीं सर्वतोमुखीं झाला होता. म्हणजे कीर्ति झाली ती आहार्याची, रंगभूषेची. ही कीर्ति खोटी नव्हे. पण ती अपुरी आहे असें आमचें म्हणणें आहे. चेहरा रंगविण्याची कला तो पुढें शिकला. त्याची मूळ विद्या निराळी होती, आणि ती त्यास नाटकगृहांत नव्हे तर स्वतःच्या घरांत, आईच्या अंथरुणापाशीं मिळाली.

त्याचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजीं कोलोरॅडो प्रांतांतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं झाला. वडील फ्रँक चेनी हे न्हाव्याचा धंदा करीत. आईचें नांव एमा. दोघांनाहि ऐकूं येत नसे. आईचे वडील जोनाथन केनेडी यांनीं १८७४ सालीं त्याच गांवीं बहिऱ्या मुलांसाठीं शाळा काढली होती. पुढें तींत अंध मुलांचीहि सोय झाली आणि ती शाळा आजहि चालूं आहे. अशा घरांत हा मुलगा जन्मला. त्यास स्वतःस ऐकूं येई आणि बोलतां येई; परंतु ज्यांच्याशीं बोलावयाचें तीं माणसें शब्दांच्या पलीकडे बसलेलीं. तो नऊ वर्षांचा असतां आईस सांधेदुखीचा असाध्य विकार जडला आणि तिनें अंथरूण धरलें. मुलगा चौथ्या इयत्तेंतून शाळा सोडून तिच्या शुश्रूषेस घरीं बसला.

आम्ही आयुष्याचा मोठा भाग हजेरीपट राखण्यांत घालविला आहे. शाळेंतून नांव काढून टाकलेल्या मुलापुढें तांबडी रेघ ओढावयाची आणि त्यास विसरावयाचें, अशी त्या पटाची रीत असते. चेनीच्या नांवापुढेंहि कोणीतरी अशीच रेघ ओढली असेल. परंतु त्याचें खरें अध्ययन त्या दिवशीं सुरू झालें. गांवांत जाऊन आल्यावर तो आईच्या खाटेसमोर उभा राही आणि दिवसभरांत काय घडलें तें तिला करून दाखवी. कोण भेटलें, तो माणूस कसा चालत होता, कशानें रागावला, कशानें हंसला, सर्व वर्तमान हातांनीं, खांद्यांनीं, भिंवयांनीं सांगावयाचें. आई खोलीबाहेर पडूं शकत नव्हती. तेव्हां गांव तिच्यापर्यंत पोंचावयाचें तें या मुलाच्या अंगावाटे. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जो ऐकतो त्यास शब्दांनीं फसवितां येतें. मन दुसरीकडे असतांहि तोंडानें गोड बोलतां येतें. जी केवळ पाहते तिला असें फसवितां येत नाहीं. तिच्यापुढें खोटा हावभाव केला तर तो तत्काळ पकडला जातो. असा परीक्षक कोणत्या नाट्यशाळेंत मिळणार?

पुढील दहा-बारा वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. पोरवयांत त्यानें पाइक्स पीक या पर्वतावर येणाऱ्या प्रवाशांस वाट दाखविण्याचें काम केलें, गांवच्या नाटकगृहांत सामान उचललें, आणि १९०२ च्या सुमारास भावाबरोबर तो रंगभूमीवर आला. गांवोगांव फिरणाऱ्या संगीत-विनोदी नाटकांच्या कंपन्यांत तो नाचे, विदूषकी कामें करी आणि पडद्यामागची व्यवस्थाहि पाही. आपल्याकडील फिरत्या नाटकमंडळ्यांच्या गोष्टी ज्यांनीं वडीलमाणसांकडून ऐकल्या आहेत त्यांस या जीवनाचें अधिक वर्णन नको.

अशाच फिरतीवर असतां १९०५ सालीं त्यानें क्लेव्हा क्रेटन या गायिकेशीं लग्न केलें. ती अवघी सोळा वर्षांची होती. १९०६ च्या फेब्रुवारींत त्यांस मुलगा झाला. त्याचें नांव आईच्या कुळावरून क्रेटन असें ठेविलें. क्लेव्हाचा गळा चांगला होता, तिचें नांव होऊं लागलें, आणि नवराबायकोंत खटके उडूं लागले. १९१३ च्या एप्रिलअखेर लॉस एंजल्समधील ज्या नाटकगृहांत चेनी व्यवस्थापक होता तेथें जाऊन तिनें विष घेतलें. ती वांचली, पण घसा जळाला आणि गाणें कायमचें गेलें. मग घटस्फोट झाला, वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, आणि चेनीस नाटकधंद्यांत तोंड दाखविणें कठीण झालें. मुलगा परक्या ठिकाणीं ठेवावा लागला. १९१५ सालीं चेनीनें हेझल हेस्टिंग्ज या स्त्रीशीं दुसरा विवाह केला आणि तेव्हां कोठें तो मुलगा पुन्हां बापाच्या घरीं आला. हें दुसरें लग्न मात्र शेवटपर्यंत सुखाचें झालें.

या प्रकरणीं लिहिणारे बहुधा चेनीचा कैवार घेतात. त्यास काय सोसावें लागलें असेल तें आम्हीहि जाणतों. तरी एक गोष्ट आमच्या गळीं उतरत नाहीं. क्लेव्हा पुढें पुष्कळ वर्षें जगली. परंतु मुलास मात्र तुझी आई वारली असें सांगण्यांत आलें, आणि खरी गोष्ट त्यास बापाच्या मृत्यूनंतर कळली, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. ज्या माणसानें न ऐकणाऱ्या आईशीं बोलण्यासाठीं आपल्या सर्व शरीराची जीभ केली, त्यानेंच आपल्या मुलाची आई एका शब्दानें नाहींशी करावी! ही विसंगति त्याच्या कोणत्याहि भयंकर भूमिकेपेक्षां आम्हांस अधिक अस्वस्थ करते. मोठीं माणसें घरांतील भांडण झांकण्यासाठीं मुलांस अशा सोयीच्या गोष्टी सांगतात. मुलें वरकरणीं त्या मानतात, पण कान मात्र टवकारलेले ठेवतात, हें वर्गांत मुलांसमोर उभें राहिलेल्या कोणासहि ठाऊक असतें.

नाटकाचें दार असें बंद झालें म्हणून चेनी चित्रपटाकडे वळला. तें १९१३ साल. त्याच सालीं मुंबईंत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. नाटकवाल्यांच्या दृष्टीनें चित्रपट हा त्या वेळीं हलका धंदा होता, तिकडेहि आणि इकडेहि. युनिव्हर्सल कंपनींत चेनी पांच वर्षें राहिला आणि लहानसहान भूमिका त्यानें शंभरावर केल्या. सकाळीं कोणत्या चित्रपटांत कोणत्या तऱ्हेचा माणूस हवा आहे याची चौकशी करावयाची, आणि घटकाभरांत तो माणूस बनून उभें राहावयाचें. मेक्सिकन हवा असेल तर मेक्सिकन, खलाशी हवा असेल तर खलाशी. रंगाची पेटी त्याची स्वतःची असे. म्हणजे ज्या रंगभूषेसाठीं तो पुढें जगप्रसिद्ध झाला तिच्या मुळाशीं कलेची हौस जितकी होती तितकीच रोजची मजुरी बुडूं न देण्याची गरजहि होती. यांत आम्हांस कांहीं कमीपणा दिसत नाहीं. १९१७ च्या सुमारास त्यानें पगारवाढ मागितली, तेव्हां आठवड्यास शंभर डॉलरांहून अधिक तुझी किंमत कधींच व्हावयाची नाहीं, असें उत्तर व्यवस्थापकानें दिलें म्हणून सांगतात. चेनीनें नोकरी सोडली. पुढें सहा वर्षांनीं त्याच कंपनीनें आपला सर्वांत खर्चाचा चित्रपट त्याच्या खांद्यावर, किंबहुना त्याच्या कुबडावर, उभा केला.

त्याआधीं १९१९ सालीं 'द मिरॅकल मॅन' निघाला. भोंदू लोकांची एक टोळी एका वृद्ध सत्पुरुषाच्या नांवावर पैसा मिळविण्याचा घाट घालते. टोळींतील 'फ्रॉग' नांवाचा माणूस हातपाय वांकडेतिकडे करून पांगळ्याचें सोंग घेतो, लोकांच्या गर्दींतून जमिनीवर सरपटत त्या सत्पुरुषाकडे जातो, आणि तेथें त्याचा एकेक अवयव सर्वांदेखत सरळ होऊं लागतो. ही भूमिका चेनीची. दिग्दर्शकानें आधीं अंग मुरडणारे कसरतपटु पाहिले होते. त्यांस अंग मुरडतां येई, पण अभिनय येईना. चेनीस दोन्ही आलें. या चित्रपटाचीं कांहीं मिनिटेंच आज उरलीं आहेत, आणि सुदैवानें तीं नेमकीं याच प्रसंगाचीं आहेत. खोट्या पांगळ्याचा खोटा चमत्कार पुरा होतो न होतो तोंच गर्दींतील एक खरोखरीचा पांगळा मुलगा कुबड्या टाकून चालूं लागतो. चोरास देव भेटावा तसा हा प्रसंग आहे. वेड्यावांकड्या अंगाची कसरत आपण विसरतों. लक्षांत राहतो तो या लबाडांच्या मध्यें अकस्मात् उभा राहिलेला खरेपणा.

या चित्रपटानें चेनीचें भाग्य उघडलें, आणि पांगळेपणा त्याच्या मागें लागला तो कायमचाच. १९२० च्या 'द पेनल्टी' मध्यें दोन्ही पाय तुटलेल्या गुंडाची भूमिका करतांना त्यानें पोटऱ्या मागें बांधून गुडघे चामड्याच्या खोळींत घातले आणि कुबड्यांवर चालला. रक्त सांखळून वेदना होत, म्हणून थोड्या वेळानें पट्टे सोडावे लागत. १९२३ च्या 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम' मध्यें, म्हणजे व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरील चित्रपटांत, तो कुबडा घंटावाला क्वासीमोदो झाला. कुबडाचें वजन सत्तर पौंडांवर होतें अशी दवंडी त्या वेळीं पिटली गेली. मागाहून शोध घेणाऱ्यांनीं तें वीस पौंडांच्या आसपास असावें असें ठरविलें आहे. नटाच्या वेदनांचेंहि भांडवल करावयाचें आणि तेंहि तिप्पट-चौपट फुगवून, ही जाहिरातबाजांची कला त्या काळींहि पूर्णत्वास पोंचली होती. आमच्या मतें हा देहदंड चेनीच्या कर्तृत्वाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. एका पायावर उभें राहणें हें तप असेल; पण तेवढ्यानें कोणी ऋषि होत नाहीं.

खरी पाहावयाची ती त्याची कारागिरी. आजच्या रबरी मुखवट्यांची सोय त्या वेळीं नव्हती. कापसाचे थर कोलोडियन नांवाच्या चिकट द्रव्यानें गालांवर बसवावयाचे, नाक लांबीनें घडवावयाचें, खोटे दांत लावावयाचे. एका चित्रपटांत तर आंधळा डोळा दाखविण्यासाठीं त्यानें कांचेचें पातळ कवच डोळ्यांत बसविलें. हें सर्व तो स्वतःच्या हातानें करी. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या ज्ञानकोशाच्या १९२९ च्या आवृत्तींत रंगभूषेवरील लेखाचें काम विद्वानांनीं त्याच्याकडे सोंपविलें. चौथींतून शाळा सोडलेल्या मुलानें ब्रिटानिकेंत लेख लिहावा, हें वाचून आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तरास जो आनंद झाला तो वाचकांनीं समजून घ्यावा.

१९२५ सालचा 'फँटम ऑफ दि ऑपेरा' हा त्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट. पॅरिसच्या संगीत-नाटकगृहाच्या तळघरांत राहणारा, कवटीसारख्या चेहऱ्याचा, मुखवटा घालून वावरणारा एक संगीतज्ञ एका तरुण गायिकेवर प्रेम करतो, ही त्याची कथा. तो वाजवीत बसला असतां ती हळूच मागून येते आणि त्याचा मुखवटा ओढते. कॅमेरा त्याच्यासमोर आहे. म्हणून तो चेहरा तिच्या आधीं आपणांस दिसतो. नाकाचें टोंक वर ओढलेलें, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, दांत बाहेर. त्या काळीं हें दृश्य पाहून प्रेक्षक किंचाळत असत. परंतु पुन्हां एकदां पाहिलें म्हणजे निराळेंच ध्यानांत येतें. तो तिच्याकडे वळतो, बोट रोखतो, तिला तो चेहरा पाहावयास लावतो. आणि त्या सर्व हालचालींत संतापाबरोबरच लाज आहे. रंगानें भय निर्माण केलें. लाज निर्माण केली ती हातांनीं आणि खांद्यांनीं. ती भाषा तो चाळीस कोस दूरच्या प्रेक्षकासाठीं बोलत नव्हता. ती समोर खाटेवर पडलेल्या एका माणसासाठीं शिकलेली भाषा होती.

येथें एक आक्षेप घेतां येतो आणि तो आम्हांस रास्त वाटतो. चेनीच्या चित्रपटांतील पंगु, कुरूप माणसें बहुधा क्रूर, सूड घेणारीं अशीं असतात. शरीराचें व्यंग म्हणजे मनाचें व्यंग, अशी समजूत सामान्य प्रेक्षकांत आधींच असते. मंथरेपासून ती आपल्याहि परिचयाची आहे. बहिऱ्या मातापितरांच्या मुलानें ती समजूत दृढ करावी काय? चेनीनें १९२५ सालीं एका चित्रपट-मासिकांत लिहिलें आहे कीं, समाजानें टाकलेल्या नीचांतील नीच माणसाच्या ठिकाणींहि परमोच्च आत्मत्यागाचें सामर्थ्य असूं शकतें, याची लोकांस आठवण करून द्यावी हा आपला हेतु आहे. हेतु चांगला, पण सर्व चित्रपट त्या हेतूस जागले असें म्हणवत नाहीं. कित्येकांत शेवटचीं पांच मिनिटें आत्मत्याग आणि आधींचा सव्वा तास नुसती भीति, असें प्रमाण पडतें. क्वासीमोदो मात्र त्यास अपवाद आहे. त्याच्याकडे पाहून भीति वाटत नाहीं, गलबलून येतें.

मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनींत गेल्यावर टॉड ब्राउनिंग या दिग्दर्शकाबरोबर त्यानें बरेच चित्रपट केले. त्यांतील १९२७ चा 'दि अननोन' आमच्या मतें त्याचा सर्वश्रेष्ठ. कथा ऐकावयास बीभत्स आहे. अलाँझो हा सर्कशींत पायांनीं सुरे फेंकणारा. त्यास हात नाहींत असें सर्वांस वाटतें. वास्तविक हात आहेत, पण तो गुन्हेगार असल्यामुळें ते कपड्याखालीं बांधून ठेवतो. मालकाची मुलगी नॅनन हिला पुरुषांच्या हातांचा स्पर्शच सहन होत नाहीं. म्हणून ती या बिनहाताच्या माणसाजवळ निर्धास्तपणें बसते. तो तिच्यावर प्रेम करतो, आणि ती कायमची आपली व्हावी म्हणून शस्त्रवैद्याकडून आपले दोन्ही हात खरोखरच कापून घेतो! बरा होऊन परत येतो, तों तिची ती भीति मधल्या काळांत नाहींशी झालेली असते, आणि सर्कशींतील मल्लाबरोबर तिचें लग्न ठरलेलें असतें. ती आनंदानें त्यास हें सांगते. मल्लाचे हात स्वतःभोंवतीं घेऊन दाखविते. अलाँझोनें आतां हंसावयास पाहिजे. आणि तो हंसतो.

हा प्रसंग मिनिटभराचाच असेल. येथें रंगभूषा जवळजवळ नाहीं. हात तर बांधलेले. म्हणजे ज्या अवयवानें तो जन्मभर बोलला तोच काढून घेतलेला. पायांच्या करामतीसुद्धां पुष्कळशा पॉल डेसम्यूक नांवाच्या एका खरोखरीच बिनहाताच्या माणसानें केलेल्या आहेत. उरतो तो उघडा चेहरा. आनंदाचें हंसूं सुरू होतें, तें थांबत नाहीं, वाढत जातें, फाटतें आणि त्याचें काय होतें हें सांगण्यास आमच्यापाशीं शब्द नाहीं. शास्त्रकारांनीं स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. मुक्या, काळ्यापांढऱ्या चित्रांत स्वरभेद ऐकूं येणें शक्य नाहीं. आणि तरीहि त्या हंसण्याचा आवाज फाटला हें आपणांस कळतें. पुढील पिढींतील बर्ट लँकेस्टर या नामवंत अमेरिकन नटानें या प्रसंगाची मुक्तकंठानें प्रशंसा केली आहे, ती यामुळेंच.

या चित्रपटाच्या नशिबाचीहि एक गोष्ट सांगतात. 'अननोन' म्हणजे अज्ञात. याची प्रत बरींच वर्षें नाहींशी झाली होती. ती अखेर पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयांत निघाली. तेथें नांव न कळलेल्या अनेक चित्रपटांच्या डब्यांवर 'अज्ञात' असाच शब्द लिहिलेला असल्यामुळें ती त्यांत दडून राहिली होती.

१९२७ नंतर बोलपटांची लाट आली. भलेभले मूकपटनट तिच्यांत वाहून गेले. चेनी बराच काळ काठावर उभा राहिला. हजार चेहऱ्यांच्या माणसानें एकाच आवाजांत बोलून कसें चालेल, ही त्याची अडचण असावी. शेवटीं १९३० सालीं त्यानें आपलाच १९२५ चा 'दि अनहोली थ्री' हा चित्रपट बोलपट म्हणून पुन्हां केला. त्यांत तो शब्दभ्रमकार आहे. म्हातारी, बाहुला, पोपट, मुलगी असे निरनिराळे आवाज त्यानें स्वतः काढले, आणि ते पांचहि आवाज माझेच आहेत असें शपथपूर्वक लिहून दिलें. वाचिकाची परीक्षाहि तो असा उत्तीर्ण झाला. परंतु त्या वेळीं त्यास फुफ्फुसाच्या नळीचा कर्करोग झालेला होता. चित्रपट जुलैंत प्रसिद्ध झाला. २६ ऑगस्ट १९३० रोजीं घशांतील रक्तस्रावानें चेनी वारला. वय सत्तेचाळीस वर्षांचें. शेवटच्या दिवसांत त्याचा आवाज गेला होता आणि जवळच्या माणसांशीं तो हातांच्या खुणांनीं बोलत असे, असें त्याच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे. आपल्याकडील पहिला बोलपट 'आलम आरा' त्यानंतर साडेसहा महिन्यांनीं, १४ मार्च १९३१ रोजीं, मुंबईंत लागला.

त्याच्या मुलास बापानें जिवंतपणीं या धंद्यापासून दूर ठेविलें होतें. पुढें तो नट झाला, तेव्हां क्रेटन या स्वतःच्या नांवावर त्याचें जमेना. निर्मात्यांच्या आग्रहावरून त्यास 'लॉन चेनी धाकटा' असें नांव घ्यावें लागलें. आईकडून आलेलें नांव अशा रीतीनें दुसऱ्यांदां पुसलें गेलें. १९३९ च्या 'ऑफ माइस अँड मेन' मधील त्याचें काम मात्र कोणाच्याहि उसन्या नांवावर जगणारें नाहीं.

थोरल्या चेनीनें दीडशेहून अधिक चित्रपट केले; त्यांतील निम्म्याहून अधिक आज नष्ट झाले आहेत. 'लंडन आफ्टर मिडनाइट' या चित्रपटाची शेवटची प्रत १९६५ च्या आगींत जळाली. ग्लेंडेल येथील स्मशानभूमींत त्याच्या समाधीवर नांव कोरलेलें नाहीं. रंगांची पेटी लॉस एंजल्सच्या वस्तुसंग्रहालयांत आहे.

ज्या वाचकांस त्याचें काम पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं 'फँटम' पासून सुरुवात करूं नये. १९२६ चा 'टेल इट टु द मरीन्स' आधीं पाहावा. तींत तो नाविक सैन्यांतील एक करडा हवालदार आहे. ना कुबड, ना खोटे दांत. चेहरा त्याचा स्वतःचा. अमेरिकेच्या मरीन सैनिकांस तें काम इतकें आवडलें कीं, त्यांनीं त्यास आपला सन्माननीय सभासद करून घेतलें. तो मान त्यापूर्वीं कोणत्याहि चित्रपटनटास मिळाला नव्हता, आणि त्याच्या अंत्ययात्रेस मरीन सैनिक उपस्थित होते. 'अननोन' मोठ्या माणसांनीं पाहावा. 'फँटम' मुलांस दाखविण्यास हरकत नाहीं. मात्र दिवसाउजेडीं, आणि घरांतील कोणी वडील माणूस शेजारीं असतां.